टर्बोचार्जर की सुपरचार्जर? घाट चढणाऱ्या गाडीसाठी

मे महिन्यात साखरप्याहून आंबा घाट चढू लागलेल्या छोट्या पेट्रोल गाडीत पाच माणसे बसलेली असतील, डिकीत हापूसच्या चार पेट्या असतील आणि एसी पूर्ण चालू असेल, तर पहिल्या दोन-तीन वळणांतच चालकाचा हात आपोआप एसीच्या बटणाकडे जातो. एसी बंद केला की गाडीत थोडा जीव येतो, हे कोकणात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक आहे. टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर यांत फरक काय, आणि आपल्या गाडीला यांपैकी काय असावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या बटणातच दडलेले आहे. त्याकडे येण्यापूर्वी मात्र इंजिन घाटात दमते म्हणजे नेमके काय होते, हे पाहावे लागेल.

इंजिनाला इंधनाची टंचाई सहसा नसते; टंचाई असते ती हवेची. चार स्ट्रोकचे एक लिटरचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपले पोट हवेने भरते. मिनिटाला ३,००० फेरे होत असतील, तर त्या मिनिटात त्याच्या पोटात जास्तीत जास्त १,५०० लिटर हवा जाऊ शकते. कोकणातल्या उन्हाळ्यात एक लिटर हवेचे वजन सव्वा ग्रॅमपेक्षा थोडे कमीच भरते, म्हणजे ही सगळी हवा पावणेदोन किलोच्या आसपास होते. पेट्रोल नीट जळण्यासाठी एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. त्यामुळे त्या मिनिटात १२० ग्रॅमच्या आसपासच पेट्रोल जळू शकते. आपण अॅक्सिलरेटर कितीही दाबला, तरी त्याहून अधिक पेट्रोल ओतून उपयोग नाही, कारण ते जाळायला हवाच उरलेली नसते. चुलीत लाकडे भरपूर घातली आणि फुंकर मारली नाही, तर धूरच अधिक होतो, तसेच हे आहे.

यातून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे मोठे इंजिन बसवणे. पण मोठे इंजिन वजनदार असते, आणि रत्नागिरीच्या बाजारपेठेत ताशी वीस किलोमीटरने रेंगाळतानाही ते आपल्या आकाराच्या मानाने पेट्रोल पिते. दुसरा मार्ग असा की इंजिन लहानच ठेवावे, मात्र गरज पडेल तेव्हा त्याच्या पोटात हवा दाबून भरावी. बाहेरच्या हवेच्या दाबाच्या १.७ पट दाबाने हवा आत ढकलली, तर एक लिटरचे इंजिन तेवढ्या वेळेपुरते दीड लिटरच्या इंजिनासारखे वागू लागते. टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर ही दोन्ही यंत्रे एवढेच काम करतात: दोन्हींत हवा दाबणारा कॉम्प्रेसर असतो. फरक आहे तो त्या कॉम्प्रेसरला फिरवते कोण, यात.

माडा-पोफळीच्या बागेला पाणी देण्याच्या जुन्या दोन रीती आठवल्या, तर हा फरक चटकन ध्यानात येतो. ज्यांच्या बागेत विहीर, त्यांनी रहाट बसवला आणि त्याला बैल जुंपला. बैल चालू लागला की पाणी लगेच वर येई आणि जितका वेगाने चाले तितके येई; पण बैलाची ताकद त्यात खर्ची पडे, आणि त्या वेळी तो नांगराला मिळत नसे. ज्यांच्या वरच्या अंगाला व्हाळ, म्हणजे ओढा होता, त्यांनी पाट काढला. तसेही वाहून जाणारे पाणी त्यांनी बागेकडे वळवले. बैल मोकळा राहिला. पण व्हाळाला पाणी असेल तरच पाटाला पाणी. सुपरचार्जर म्हणजे रहाट आणि टर्बोचार्जर म्हणजे पाट.

सुपरचार्जर इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्यावरून, पट्ट्याने फिरतो, अगदी एसीच्या कॉम्प्रेसरसारखा. त्याचा मूळ अवतार गाडीच्याही आधीचा आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल येथील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये दोन पाकळ्यांच्या फिरत्या यंत्राचे पेटंट घेतले, ते भट्ट्यांना हवा पुरवण्याच्या कामी आले. म्हणजे तो लोहाराच्या भात्याचाच सुधारलेला प्रकार होता. पुढे मर्सिडीजने १९२१ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर असलेल्या गाड्या मांडल्या आणि ‘कॉम्प्रेसर’ हा शब्द तिथून पुढे त्या कंपनीच्या गाड्यांच्या पाठीवर दीर्घकाळ मिरवत राहिला. रूट्स पद्धतीच्या सुपरचार्जरचा गुण असा की इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला तो ठरावीक हवा पुढे ढकलतो, मग फेरे हजार असोत की पाच हजार. त्यामुळे पाय दाबला त्याच क्षणी, अगदी खालच्या फेऱ्यांवरही, दाब हजर असतो. केंद्रोत्सारी, म्हणजे हवा मध्यातून बाहेर भिरकावणारा पंखा असलेला सुपरचार्जर मात्र असा नसतो. त्याचा दाब साधारणपणे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फेरे निम्मे झाले की दाब पाव होतो. सुपरचार्जर म्हणजे तत्काळ ओढ, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा भेद लक्षात ठेवावा.

आता त्याची किंमत. आपल्या त्याच एक लिटरच्या इंजिनात ३,००० फेऱ्यांवर १.७ पट दाबाने हवा भरायची झाली, तर भौतिकशास्त्राच्या साध्या गणिताने त्या कामाला सुमारे तीन किलोवॅट, म्हणजे चार अश्वशक्ती लागतात. स्वयंपाकघरातले साडेसातशे वॅटचे चार मिक्सर एकदम चालवण्याइतकी ही शक्ती आहे, आणि एसीचा कॉम्प्रेसरही साधारण याच पंगतीत बसतो. फेरे वाढले की ही मागणी वाढते. मोठ्या इंजिनांत ती कित्येक दहा अश्वशक्तींवर जाते. सुपरचार्जर घेतो त्याच्या कितीतरी पट परत देतो, हे खरे. पण घेतो ते चाकांकडे जाणाऱ्या शक्तीतूनच घेतो. घाटात एसी बंद करणारा चालक नेमकी हीच वजाबाकी वाचवत असतो.

टर्बोचार्जर ही शक्ती सायलेन्सरच्या वाटेने वाया जाणाऱ्या वायूतून काढतो. इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग तप्त धुराबरोबर बाहेर जातो. त्या वाटेवर एक छोटे टर्बाइन, म्हणजे वायूच्या झोताने फिरणारे चक्र बसवले, त्याच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा पंखा लावला, की झाला टर्बो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी याचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. पण तो आधी गाड्यांत नव्हे, तर जहाजांत स्थिरावला: १९२० च्या दशकात जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर त्याचा व्यवहारात उपयोग झाला. गाडीच्या टर्बोचा पंखा मुठीत मावेल एवढा असतो आणि मिनिटाला एक ते दोन लाख फेरे घेतो; पेट्रोल इंजिनात त्याच्या टर्बाइनवर येणारा वायू ९०० अंश सेल्सियसच्याही वर जाऊ शकतो. दांड्याच्या एका टोकाला लोखंड लाल होईल एवढी धग, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा आणि मधल्या बेअरिंगमध्ये ऑइलचा पातळ थर, अशी ही नाजूक तडजोड आहे. देखभालीच्या साऱ्या सूचना त्या थरासाठी असतात.

टर्बोची शक्ती पूर्णपणे फुकट असते, असे जे सांगितले जाते ते अर्धसत्य आहे. पाटाला बांध घातला की पाणी मागे थोडे तुंबतेच. टर्बाइनमुळेही धुराच्या वाटेत अडथळा येतो आणि तो बाहेर ढकलण्यासाठी पिस्टनला अधिक जोर लावावा लागतो. तरीही सुपरचार्जरच्या तुलनेत हा खर्च बराच कमी असतो.

दोन्ही यंत्रांची एक अडचण समान आहे, आणि कोकणात ती विशेष जाणवते. सायकलचा पंप जोराने मारला की त्याचे टोक तापते, तशी दाबलेली कोणतीही हवा तापते. बाहेर ३२ अंश असताना हवा १.७ पट दाबली, तर ती सुमारे शंभर अंशांवर पोहोचते. तापलेली हवा प्रसरण पावते, त्यामुळे दाब ७० टक्के वाढला तरी हवेचे प्रत्यक्ष वस्तुमान सुमारे ३८ टक्केच वाढते. हीच हवा इंटरकूलर नावाच्या रेडिएटरमधून नेऊन पन्नास अंशांपर्यंत आणली, तर तो फायदा साठ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे दाब तोच, यंत्र तेच, आणि केवळ थंड करण्याने जवळजवळ दीडपट लाभ होतो. समुद्रात जाणाऱ्या मोठ्या डिझेल इंजिनांना थंडाव्यासाठी समुद्राचे पाणीच हाताशी असते. गाडीला मात्र समोरून येणाऱ्या वाऱ्यावर भागवावे लागते, आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना तो वारा फारसा नसतो. शिवाय तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीपूर्वीच किंवा भलत्याच ठिकाणी पेट घेऊ लागते, ज्याला नॉकिंग म्हणतात. १९६२ साली अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बोच्या पहिल्या काही गाड्यांपैकी एका गाडीत नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावे लागे, आणि मालक ती टाकी भरायला विसरत. आजच्या गाड्यांत हे काम सेन्सर आणि संगणक करतात, पण ते करताना ते ठिणगी मागे ओढतात आणि शक्ती कमी करतात. भर उन्हात टर्बोची गाडी सकाळच्यापेक्षा किंचित मंद वाटते, ती बहुधा याच कारणाने.

इथे उंचीचाही उल्लेख करायला हवा, कारण टर्बो डोंगरासाठी चांगला, असे सर्वत्र वाचायला मिळते. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी सुमारे १४,००० फूट उंचीच्या पाइक्स पीकवर विमानाचे इंजिन नेऊन, टर्बो लावल्यास ते तिथेही समुद्रसपाटीइतकी शक्ती देते, हे दाखवून दिले होते. लडाखला जाणाऱ्यांना ते लागू आहे. आपले आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथली हवा सावंतवाडीपेक्षा सहा-सात टक्केच विरळ असते. सह्याद्रीच्या घाटात गाडी दमते ती विरळ हवेमुळे नव्हे, तर चढ, वजन आणि वळण या तिघांमुळे, आणि त्यांतही वळण हे खरे दुखणे आहे.

ते का, हे आकड्यांनी पाहू. आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या तीव्र वळणावर समोरून एसटी आली की गाडीचा वेग ताशी पंधरा किलोमीटरवर येतो. साधारण छोट्या गाडीत दुसऱ्या गिअरला या वेगात इंजिनाचे फेरे ११०० च्या आसपास असतात. एवढ्या कमी फेऱ्यांत धूर इतका थोडा निघतो की टर्बाइनला फिरायला पुरेसा जोरच मिळत नाही. व्हाळच आटला, तर पाट कोरडा. याला टर्बो लॅग म्हटले जाते, पण काटेकोरपणे पाहता त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धूर पुरेसा असूनही पंखा वेग घेईपर्यंत जो क्षणभर विलंब होतो, तो लॅग. आणि ज्या फेऱ्यांच्या खाली टर्बो काम करूच शकत नाही, ती त्याची किमान मर्यादा. लॅग असेल तर क्षणभर थांबले की ओढ येते. मर्यादेच्या खाली मात्र थांबून काहीही येत नाही. चालक पाय दाबत राहतो, इंजिन थरथरते आणि मागचा माणूस हॉर्न वाजवतो. यावर एकच उपाय आहे, पहिला गिअर. त्याच वेगात पहिल्या गिअरला फेरे जवळपास २,००० होतात आणि टर्बो जागा होतो. घाटात पहिला गिअर टाकणे कमीपणाचे मानणारे बरेच चालक आपल्याकडे आहेत. टर्बोच्या गाडीने त्यांची ही सवय मोडावी, हे उत्तम.

मारुती सुझुकीच्या फ्रॉन्क्समध्ये एकाच गाडीत दोन पेट्रोल इंजिने मिळतात, म्हणून तुलनेला ती सोयीची आहे. १.२ लिटरचे साधे इंजिन ६,००० फेऱ्यांवर ९० अश्वशक्ती आणि ४,४०० फेऱ्यांवर ११३ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर देते. एक लिटरचे टर्बो इंजिन ५,५०० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती देते आणि त्याचा १४८ न्यूटन मीटर टॉर्क २,००० ते ४,५०० फेऱ्यांच्या सबंध पट्ट्यात मिळतो. जाहिरातीत नजर जाते ती ९० आणि १०० या आकड्यांवर, आणि वाटते की फरक तो काय. पण घाटात इंजिन ६,००० फेऱ्यांपर्यंत कोण नेतो? २,००० फेऱ्यांवर १४८ न्यूटन मीटर म्हणजे सुमारे ४२ अश्वशक्ती होतात. साध्या इंजिनाने आपला कमाल टॉर्क तिथेच दिला असता, तरी ती ३२ झाली असती, आणि प्रत्यक्षात तो कमाल टॉर्क तिथे नसतोच. म्हणजे कागदावर नववा हिस्सा दिसणारा फरक घाटात एक तृतीयांशाच्या वर जातो. त्याच वेळी हेही खरे की ११०० फेऱ्यांवर, टर्बो जागा होण्यापूर्वी, लहान आकारामुळे टर्बोचे इंजिन साध्या इंजिनापेक्षा दुबळे पडू शकते. म्हणून माझ्या मते विक्रेत्याला अश्वशक्ती विचारू नये. पूर्ण टॉर्क किती फेऱ्यांपासून मिळतो, हा एकच आकडा विचारावा. तो १,५०० ते २,००० च्या दरम्यान असेल तर घाटाला गाडी बरी, त्याच्या बरीच वर असेल तर दोनदा विचार करावा.

या हिशोबाने तात्त्विकदृष्ट्या घाटातल्या वळणासाठी रूट्स पद्धतीचा सुपरचार्जरच योग्य ठरतो, कारण तो ११०० फेऱ्यांवरही हजर असतो. पण व्यवहारात तो भारतात महागड्या गाड्यांपुरता राहिला, आणि ज्या कंपन्यांनी त्याची पाठराखण केली त्यांनीही नंतर त्याला निरोप दिला. मर्सिडीजची ‘कॉम्प्रेसर’ मालिका गेली आणि टर्बो आला. ऑडीच्या तीन लिटरच्या इंजिनांतही तोच बदल झाला. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले, प्रत्येक ग्रॅम इंधनाचा हिशोब लागू लागला, आणि चाकांची शक्ती खाणारा पट्टा त्या हिशोबात बसेना. दरम्यान टर्बोनेही आपले दोष कमी केले. पंखे हलके झाले, आणि टर्बाइनकडे जाणारी वाट गरजेनुसार अरुंद-रुंद करणारी हलत्या पात्यांची रचना आली, जणू पाणी कमी असताना पाटाचे तोंड आवळून धार जोराची करावी तशी. डिझेल गाड्यांत ती आता सर्वसाधारण आहे. पेट्रोलमध्ये अधिक धगीमुळे ती दुर्मीळ राहिली, तरी पोर्शने २००६ मध्ये ९११ टर्बोत ती आणली.

दोन्ही एकत्र लावण्याचे प्रयोगही झाले. खाली सुपरचार्जर आणि वर टर्बो, अशी जोडी लान्सियाने १९८५ मध्ये डेल्टा एस४ या रॅलीच्या गाडीत आणि फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ लिटरच्या गोल्फमध्ये दिली. कल्पना देखणी, पण दोन यंत्रांचा खर्च आणि दोन यंत्रांची दुखणी. त्यापेक्षा पुढची वाट ऑडीने २०१६ मध्ये एसक्यू७ मध्ये दाखवली: ४८ व्होल्टच्या विजेवर चालणारा सात किलोवॅटपर्यंतचा कॉम्प्रेसर, जो टर्बो जागा होईपर्यंतची उणीव भरून काढतो. या सात किलोवॅटच्या आकड्याचा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो. इंटरनेटवर काही हजार रुपयांत ‘इलेक्ट्रिक टर्बो’ नावाचा, एअर फिल्टरच्या पाइपमध्ये बसवायचा छोटा पंखा विकला जातो. आपण वर पाहिले की एक लिटरच्या इंजिनालाही तीन किलोवॅट लागतात. बारा व्होल्टच्या तारेवरचा संगणकाच्या पंख्याएवढा पंखा त्याच्या जवळपासही पोहोचू शकत नाही. उलट हवेच्या वाटेत तो अडथळाच होतो.

माझ्या पुतण्याने गेल्या गणपतीत असाच प्रश्न विचारला होता: “काका, आपल्या गाडीला बाहेरून सुपरचार्जर बसवून घेतला तर?” त्याला दिलेले उत्तर इथेही देतो. साध्या इंजिनाचे पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि हेड गॅस्केट जास्तीच्या दाबासाठी बनवलेले नसतात. त्याच्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे गुणोत्तर (कॉम्प्रेशन रेशो) आधीच अधिक असल्याने हवा वरून दाबली की नॉकिंग होते. मग इंजेक्टर, पेट्रोल पंप, इंधन आणि ठिणगी ठरवणारा संगणकातील तक्ता, क्लच आणि शेवटी ब्रेक, असे एकामागून एक बदलत जावे लागते. त्या खर्चात अधिक शक्तीची मूळ गाडीच येते. शिवाय मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ असे सांगते की नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात त्यावर भर दिला आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनीने बॉनेट उघडून पाहिले, तर दाव्याचे काय होईल हे वेगळे सांगायला नको.

डिझेलबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण तिथे निवडच उरलेली नाही. डिझेल इंजिनात नॉकिंगचे पेट्रोलसारखे भय नसल्याने जास्तीची हवा त्याला मानवते, आणि आज विकली जाणारी डिझेलची जवळजवळ प्रत्येक गाडी टर्बोचीच असते. ज्यांना वर्षभर माल आणि माणसे घेऊन रत्नागिरी-कोल्हापूर करायचे आहे, त्यांच्यासाठी ती अजूनही सर्वांत समजूतदार निवड आहे. उलट ज्यांची गाडी आठवड्यातून दोनदा मालवण बाजारात जाते आणि उरलेले दिवस खळ्यात उभी असते, त्यांनी टर्बो घेऊच नये. साधे इंजिन स्वस्त पडते आणि त्यात बिघडण्यासारखे कमी असते.

टर्बो घेतला, तर कोकणात तो टिकवण्यासाठी काही सवयी लागतात. पहिली ऑइलची. दीड लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या दांड्याला ऑइलशिवाय क्षणभरही चालत नाही, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्याच दर्जाचे ऑइल घालावे, आणि किलोमीटर झाले नसले तरी मुदत संपताच ते बदलावे. दुसरी सवय घाटमाथ्यावरची. पावसाळ्यात आंबोलीचा चढ संपतो न संपतो तोच धबधब्यापाशी गाडी बाजूला घ्यायची, किल्ली फिरवायची आणि गरम भजीकडे धाव घ्यायची, ही आपली रीत. त्या क्षणी टर्बाइन पूर्ण तापलेले असते. इंजिन बंद होताच ऑइलचा प्रवाह थांबतो आणि बेअरिंगमध्ये अडकलेले ऑइल जळून त्याचा कोळसा धरतो. एखादा मिनिट इंजिन नुसते चालू ठेवले तर हे टळते. अनेक नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरवणारा विजेचा पंप असतो, पण तो आपल्या गाडीत आहे की नाही, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

तिसरी काळजी हवामानाची. चिरेखाणींच्या रस्त्यांवर उडणारी जांभ्याची तांबडी धूळ एअर फिल्टर लवकर भरते, आणि फाटक्या फिल्टरमधून गेलेला कण लाखभर फेऱ्यांच्या पंख्याला सुरीसारखा कापतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या वाऱ्याने इंटरकूलरच्या अॅल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांना पांढरी भुकटी धरते. बंदराच्या आसपास राहणाऱ्यांनी गाडी धुताना पुढच्या जाळीतून गोडे पाणी हलक्या धारेने सोडावे, जोराच्या धारेने पापुद्रे वाकतात. आणि पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी घालताना हे आठवावे की इंटरकूलर आणि त्याचे पाइप बऱ्याच गाड्यांत बंपरच्या मागे खालच्या अंगाला असतात. एखादा जोड सैल असेल, तर पाणी त्या वाटेने इंजिनात शिरू शकते, आणि पाणी हवेसारखे दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेले कोणतेही इंजिन पुन्हा सुरू करून पाहू नये. ढकलून कोरड्या जागी न्यावे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हापासून हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

जुनी टर्बो गाडी घेणाऱ्याने सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर, चढावर नेहमीच्या शिट्टीऐवजी येणारा घासल्यासारखा कर्कश आवाज आणि इंटरकूलरच्या पाइपांत साचलेले ऑइल, ही तीन लक्षणे पाहावीत. नवा टर्बो बसवण्याचा खर्च सहज पाच आकडी होतो, आणि गाडीच्या किमतीची घासाघीस करताना तो हाताशी असावा.

नव्या गाडीची चाचणी शोरूमच्या समोरच्या सपाट महामार्गावर घेऊन काहीही कळत नाही. तिथे सगळ्याच गाड्या पळतात. घरची चार माणसे बरोबर न्यावीत, एसी चालू ठेवावा, जवळचा चढ गाठावा, एका वळणावर गाडी जवळजवळ थांबवावी आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय हळू दाबून पाहावा. मग तेच वळण पहिल्या गिअरमध्ये घ्यावे. या दोन चढण्यांत जो फरक जाणवेल, तो त्या गाडीच्या टर्बोची किमान मर्यादा असते.